ऑफिसचा प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहून घ्यावा?

कापडाची पेढी असो, यंत्रमागाचा कारखाना असो, फर्निचरचे वर्कशॉप असो की चपलांचे दुकान, आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब आता संगणकावर गेला आहे. काहींनी बाजारातला तयार प्रोग्रॅम घेतला, तर काहींनी ओळखीच्या मुलाकडून आपल्या धंद्याला बेतून लिहून घेतला. या दुसऱ्या प्रकारात एक गोष्ट नेहमी घडते. मुलगा येतो, काम समजून घेतो, किंमत सांगतो आणि जाता जाता म्हणतो, "अमुक भाषेत करून देतो." आपण मान डोलावतो. सुताचा काउंट, कापडाचा पन्हा, रंगाचा पक्केपणा आपण दहा वेळा विचारू. पण ज्या प्रोग्रॅममध्ये आपली सगळी उधारी ठेवायची, त्याची भाषा कोणती आणि तीच का, हे विचारत नाही.

हा विषय फक्त प्रोग्रॅमरचा आहे असे समजू नये. प्रोग्रॅम लिहायला काही महिने लागतात, पण तो वापरायचा असतो दहा-पंधरा वर्षे. तेवढ्या काळात लिहिणारा मुलगा पुण्याला किंवा दुबईला नोकरीला जातो, विंडोज बदलते, कराचे दर बदलतात. तेव्हा तो प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला उघडून दुरुस्त करता येईल का, हे बऱ्याच अंशी भाषेवर अवलंबून असते. मी कापडाचा व्यापारी आहे, प्रोग्रॅम लिहिणारा नाही. परंतु ज्या मालाचे पैसे आपण मोजतो तो पारखून घेणे हे आपले काम आहे, म्हणून त्या दृष्टीनेच हा विषय येथे मांडत आहे.

आधी तयार माल पाहा

लिहून घेण्यापूर्वी तयार प्रोग्रॅमने काम भागते का, हे पाहावे. टॅली या प्रोग्रॅमचा जन्म आपल्या धंद्याशी संबंधित आहे. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना व इतर कारखान्यांना माल पुरवत असत. त्यांच्या हिशेबाला योग्य असा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत गोएंका याला तो लिहायला सांगितले. १९८६ मध्ये सुरू झालेले हे काम पुढे देशभर पसरले. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री देण्यात आली.

रोजमेळ, खतावणी, ताळेबंद आणि जीएसटी एवढीच गरज असेल तर असा तयार प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गावात मिळतो आणि कायदा बदलला की कंपनीच त्यात सुधारणा करते. एकट्याचा छोटा कारभार असेल तर एक्सेलच्या तक्त्यावरही भागते.

अडचण येते ती धंद्याच्या खास पद्धतीत. कोणत्या ताक्याचे मीटर किती, कोणत्या गाठीतून तो आला, प्रोसेसला गेलेल्या ग्रे कापडातली घट किती, कोणत्या कारागिराला किती सूत दिले आणि त्याने किती कापड परत आणले, दलाली व वटाव कोणत्या बिलावर किती, हे सगळे तयार चौकटीत बसत नाही. अशा वेळी प्रोग्रॅम लिहून घेणे योग्य ठरते. त्यातही हिशेब टॅलीसारख्या प्रोग्रॅममध्ये ठेवून फक्त ताक्यांचा आणि कारागिरांचा भाग वेगळा लिहून घेतला, तर खर्च व जोखीम दोन्ही कमी होतात.

भाषा म्हणजे काय?

संगणकाला हुकूम देण्यासाठी माणसाने बनवलेली लिखापढीची रीत म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा. प्रोग्रॅमर त्या भाषेत जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. त्यापासून जी फाइल तयार होऊन आपल्या संगणकावर चालते, ती बहुधा 'ईएक्सई' असते. शिवलेला कुर्ता आणि त्याचा कागदी बेत यांत जो फरक, तोच या दोन्हींत आहे. कुर्ता अंगावर घालता येतो, पण दुसरा तसाच शिवायचा असेल किंवा माप बदलायचे असेल तर बेत हवा. बहुतेक व्यापाऱ्यांच्या हाती फक्त ईएक्सई असते. सोर्स कोड प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपमध्ये राहतो आणि तो लॅपटॉप बिघडला की विषय संपतो.

जुन्या भाषांचे काय झाले?

नव्वदच्या दशकात व्यापाऱ्यांचे बरेच प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिले जात. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी आपल्यात घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली. २००७ मध्ये कंपनीने यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलेसुरले पाठबळही संपले. डॉसवर चालणारा फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचेच आहे. म्हणजे जुना संगणक बंद पडला की प्रोग्रॅमही अडतो. नवा संगणक आणला तर डॉसबॉक्ससारख्या आडवळणाने तो चालवावा लागतो.

दुसरी भाषा व्हिज्युअल बेसिक. ती १९९१ मध्ये आली आणि तिची सहावी आवृत्ती १९९८ मध्ये. बटणे, चौकटी, याद्या पडद्यावर मांडायच्या आणि मागे चार ओळी लिहायच्या, इतकी ती सोपी होती. त्यामुळे क्लासमधून शिकून बाहेर पडलेला मुलगाही बिलाचा प्रोग्रॅम करू शकत असे. ८ एप्रिल २००८ रोजी या आवृत्तीच्या लिहिण्याच्या साधनाचे पाठबळ मायक्रोसॉफ्टने बंद केले. त्यात लिहिलेले प्रोग्रॅम आजही विंडोजवर चालतात, पण त्यांत बदल करणारा जाणकार शोधावा लागतो. पुढे २००२ मध्ये डॉट नेटबरोबर नवे व्हिज्युअल बेसिक आले. मार्च २०२० मध्ये कंपनीने सांगितले की तिला पाठबळ राहील, पण भाषा म्हणून तिची पुढे वाढ करण्याचा बेत नाही. सबब नवीन काम तिच्यात सुरू करण्यात फायदा नाही.

या इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. फॉक्सप्रोची भाषा थांबली, पण तिच्यातला हिशेब बुडाला नाही. कारण तो 'डीबीएफ' या सर्वांना माहीत असलेल्या प्रकारच्या फाइलीत होता. ती फाइल आजही एक्सेलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रऑफिसमध्ये उघडते. ज्यांचा डेटा प्रोग्रॅमरने स्वतःच्या गुप्त रचनेत किंवा आपल्याजवळच्या पासवर्डाखाली ठेवला, त्यांना मात्र ग्राहकांची येणी पुन्हा जुन्या वह्यांतून उतरवण्याची पाळी येते. भाषा कधी ना कधी जुनी होणारच. त्या दिवशी आपला डेटा सहीसलामत बाहेर काढता यावा, ही व्यवस्था पहिल्या दिवशीच करून ठेवली पाहिजे.

आजच्या भाषा

सी-शार्प: ही मायक्रोसॉफ्टची भाषा डॉट नेटबरोबर २००२ मध्ये बाजारात आली. विंडोजवर चालणाऱ्या ऑफिसच्या प्रोग्रॅमला ती सर्वांत सोयीची आहे. विंडोज फॉर्म्स या तिच्या साधनाने बिलाचे पडदे लवकर तयार होतात. कॉलेजांतून ती शिकवली जाते, त्यामुळे एक मुलगा गेला तर दुसरा मिळतो. सावधगिरी एवढीच की नव्या डॉट नेटच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीलाही ३ वर्षेच पाठबळ मिळते. त्यामुळे दर ३ वर्षांनी थोडे काम निघते. २०१९ चे डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ मात्र विंडोजचाच भाग आहे आणि विंडोजबरोबर त्यालाही पाठबळ मिळते. एका जागी स्थिर चालणाऱ्या पेढीच्या प्रोग्रॅमला हाही पर्याय वाईट नाही. विंडोज फॉर्म्स फक्त विंडोजवर चालते, हे ध्यानात असू द्यावे.

डेल्फी: बोर्लंड कंपनीने १९९५ मध्ये ही आणली. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांनीच सी-शार्प घडवली. डेल्फीचा प्रोग्रॅम एकाच फाइलीत तयार होतो, वेगाने चालतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. तिची पूर्ण आवृत्ती महाग आहे. लहान उत्पन्न असणाऱ्यांसाठी २०१८ पासून एक फुकट आवृत्ती आहे, पण तिला उत्पन्नाची मर्यादा घातलेली आहे. तिच्याच धर्तीचे लाझारस मात्र पूर्ण फुकट आहे. गावात डेल्फीचा जुना, भरवशाचा माणूस असेल तर जरूर विचार करावा. मात्र त्याच्यानंतर कोण, हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे.

जावा: हीही १९९५ ची. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि तिचे जाणकार पुष्कळ आहेत. परंतु त्यांतले बहुतेक बँका व मोठ्या कंपन्यांच्या कामात असतात. दुकानाच्या बिलाचे पडदे करणारे कमी सापडतात. २०१९ पासून ओरॅकलने जावाच्या व्यापारी वापराच्या परवान्याचे नियम बदलले. म्हणून जावा घ्यायची तर ओपनजेडीके ही मोफत आवृत्ती वापरावी आणि तसे करारात लिहून घ्यावे.

पायथॉन: १९९१ पासूनची ही भाषा आज शाळा-कॉलेजांत सर्वांत जास्त ऐकू येते. शिकायला सोपी, वाचायला सोपी. एक्सेलमधून आकडे काढणे, अहवाल बनवणे, दोन याद्या ताडून पाहणे यांत तिचा हात धरणारी भाषा क्वचितच. पडद्यावरचा प्रोग्रॅमही तिच्यात होतो, परंतु तो प्रत्येक संगणकावर नीट बसवायला मेहनत पडते. शिवाय क्यूटीसारख्या साधनांचा परवाना कोणता, हे आधी पाहावे लागते. तिचाही एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि दुसऱ्या आवृत्तीचे बरेच प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीचे पाठबळ संपले. जगभर अनेकांना आपला चालता माल उसवून पुन्हा शिवावा लागला.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही कोड लिहून देतात. त्यामुळे काम लवकर होते, हे खरे. पण बिलात चूक निघाली तर जाब द्यायला माणूसच लागतो, म्हणून वरील सवाल कायम राहतात.

पैशाचा हिशेब अचूक ठेवणारी भाषा

संगणक आतमध्ये दोनच अंकांत, म्हणजे ० आणि १ मध्ये, गणित करतो. त्यामुळे साधे दशांश अपूर्णांक त्याला नेहमी तंतोतंत साठवता येत नाहीत. अनेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली तर उत्तर ०.३ न येता शेपटीला बारीकसा फरक राहतो. आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. १०७ रुपयांच्या कापडावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के. अडीच टक्क्यांनी २.६७५ रुपये होतात. हाच आकडा संगणकाच्या साध्या अपूर्णांकात किंचित कमी, म्हणजे २.६७४९९९... असा साठतो. दोन दशांशांपर्यंत आणला की २.६८ ऐवजी २.६७ येतात. एका बिलात एका पैशाचा प्रश्न आहे, पण वर्षाच्या हजारो बिलांत बेरजा जुळत नाहीत आणि मुनीम रात्र जागवतो.

यावर इलाज सोपा आहे. सी-शार्पमध्ये 'डेसिमल' हा खास प्रकार आहे, पायथॉनमध्ये त्याच नावाचे साधन आहे, जावात 'बिगडेसिमल' आहे आणि डेल्फीत 'करन्सी'. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या रकमा पूर्ण पैशांत ठेवायच्या. प्रोग्रॅमरला सरळ विचारावे: "रुपये तुम्ही कोणत्या प्रकारात ठेवता?" 'फ्लोट' किंवा 'डबल' असे उत्तर आले तर काम तेथेच थांबवून आधी ते बदलून घ्यावे.

मराठी आणि उर्दू नावे

आपल्या खातेदारांची नावे मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत असतात. युनिकोड ही सर्व लिपींची सामायिक व्यवस्था १९९१ पासून आहे आणि तिच्यात देवनागरी व उर्दूची अक्षरे दोन्ही आहेत. जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या नेहमीच्या चौकटी आणि फॉक्सप्रो यांना ती पेलत नव्हती. म्हणून तेव्हा खास फॉन्ट वापरले जात आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावाच्या जागी भलतीच अक्षरे उमटत. सी-शार्प, जावा, पायथॉनची तिसरी आवृत्ती आणि २००९ नंतरची डेल्फी यांत युनिकोड आहे.

तरीही उर्दूची कसोटी वेगळी घ्यावी. ती उजवीकडून डावीकडे जाते, मध्येच आकडा आला की क्रम बिघडू शकतो. प्रोग्रॅमरला पहिल्याच आठवड्यात एका बिलावर उर्दू नाव, मराठी पत्ता आणि आकडे एकत्र छापून दाखवायला सांगावे. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक असेही घडते. दुसरे असे की, कोणी अन्सारी लिहितो, कोणी अंसारी. कोणी शेख, कोणी शैख. नावावर खाते शोधले तर एकाच माणसाची तीन खाती निघतात. प्रत्येक खात्याला स्वतंत्र नंबर असावा आणि शोध मोबाइल नंबरावरूनही व्हावा.

दर आणि नियम वेगळे, डेटा वेगळा

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला. तयार कपड्यांवर १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्यावरील नगाला १८ टक्के लागू झाले. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये १,००० आणि १२ हे आकडे कोडमध्येच लिहिलेले असतात, त्यांना अशा दिवशी प्रोग्रॅमरमागे धावावे लागते. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये दर हे तारखेसह वेगळ्या तक्त्यात असतात, त्यांना एक नवी ओळ भरली की पुरते आणि जुनी बिलेही जुन्या दराने बरोबर निघतात. ही सोय कोणत्याही भाषेत करता येते. ती मागून घेणे आपले काम आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झाले आहे. त्यासाठी बिलाची माहिती 'जेसन' या ठराविक मांडणीत पाठवावी लागते. धंदा वाढण्याची आशा असेल तर ही तरतूद आधीच ठेवावी.

डेटा कोठे राहणार, हा सवाल भाषेइतकाच मोठा आहे. एका संगणकाचे काम असेल तर एसक्यूलाइट चांगले. २००० पासूनचे हे साधन फुकट आहे, सगळा डेटा एकाच फाइलीत राहतो आणि त्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा इरादा जाहीर केलेला आहे. गादीवर एक, गोदामात एक आणि कारखान्यात एक असे तीन संगणक एकाच वेळी लिहिणार असतील तर पोस्टग्रेसक्यूएलसारखी व्यवस्था घ्यावी; तीही फुकट आहे. वर सांगितलेल्या सर्व भाषा या दोन्हींशी बोलू शकतात. म्हणजे पुढे भाषा बदलली तरी डेटा आपल्या जागी राहतो.

लिखापढी

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृती मानलेले आहे. आपल्या पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी आपली. पण बाहेरच्या माणसाकडून ठोक रकमेत लिहून घेतला असेल, तर लेखी हस्तांतर नसताना मालकी लिहिणाऱ्याचीच राहते. आपण पूर्ण पैसे दिले म्हणून ती आपोआप आपली होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीसह हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचेच मानले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. म्हणून मुदत स्पष्ट लिहावी.

करारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात:

१. या भाषेचे काम जाणणारी निदान तीन माणसे आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात आहेत का? त्यांना प्रत्यक्ष भेटावे.

२. भाषेची आवृत्ती कोणती आणि तिला पाठबळ कोणत्या वर्षापर्यंत?

३. रकमा अचूक दशांशात ठेवल्या आहेत का? वरचे १०७ रुपयांचे बिल समोर करून पाहावे.

४. सर्व खाती, बिले आणि साठा एका बटणाने एक्सेलमध्ये उतरतो का?

५. सोर्स कोड आणि डेटाचे पासवर्ड प्रत्येक हप्त्याबरोबर आपल्या ताब्यात येतात का? शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तो कोड दुसऱ्या जाणकाराकडून कोऱ्या संगणकावर चालवून पाहावा. तसा चालला तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

या कसोट्यांवर पाहिले तर विंडोजवर चालणाऱ्या साधारण पेढीसाठी आज सी-शार्प आणि तिच्यासोबत एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेसक्यूएल ही जोडी मला सर्वांत कमी जोखमीची दिसते. अहवाल आणि आकडे ताडण्याच्या कामासाठी जोडीला पायथॉन असावी. आपल्या गावात डेल्फीचे किंवा जावाचे जाणकार जास्त असतील तर तीच घ्यावी. हाताशी असलेले तीन कारागीर दूरच्या एका नामवंत उस्तादापेक्षा आपल्या अधिक कामाचे असतात.

आपल्या उधारीच्या वह्या आपण तिजोरीत ठेवत आलो, कारण धंद्याची खरी पुंजी त्यांत असते. आता ती पुंजी प्रोग्रॅममध्ये आहे. येत्या आठवड्यात आपल्या प्रोग्रॅमरला चहाला बोलवावे, सोर्स कोडची आणि डेटाची एक प्रत मागून घ्यावी आणि ती दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. प्रोग्रॅम नवा असो की जुना, या कामाला एक दिवसाहून जास्त लागत नाही.